शंभर शब्द, शंभर पावलं

खरं सांगतो, हे लिहायचंच नव्हतं. दोनदा मोबाइलवर टाइप केलं अन् दोनदा पुसून टाकलं. आळस म्हणून नाही. लिहिलेल्या एकेका शब्दाचं मोल द्या लागते, अन् या गोष्टीत तं ते मोल असं काही ठरून बसलं हाये की शहाणा माणूस दोन ओळीत आटपून मोकळा झाला असता. पण दोन ओळीत हे मावत नाही.

तं दीपक. उंद्रीपासून चार किलोमीटर आत गाव, निवृत्तीचा पोरगा, वय तेवीस. बारावीचे सारे विषय पहिल्याच फटक्यात सुटले, एक इंग्रजी सोडून. पहिल्या खेपेले एकोणतीस, दुसऱ्या खेपेले एकतीस, तिसऱ्या खेपेले तेहतीस. पास व्हायले पस्तीस लागतात. निवृत्ती मोठा शांत डोक्याचा माणूस. तिसऱ्या निकालाच्या दिवशी त्यानं गुणपत्रिका डोळ्याजवळ धरली, लांब धरली, अन् म्हणाला, "दर खेपेले दोन वाढून राह्यले. पुढच्या खेपेले पस्तीस होतेच. अभ्यास करून कायले त्यात खोडा घालतं?"

पण या वेळी हिशेबावर सोडून चालण्यासारखं नव्हतं. उंद्रीच्या रस्त्यावर एका खासगी डेअरीचं दूध संकलन केंद्र हाये. तिथं संध्याकाळच्या पाळीले दीपक फॅट काढे. मशीन लावायच्या आधी नुसतं कॅन हलवून दुधात पाणी किती, हे तो सांगे, अन् मशीन मागून त्याची री ओढे. जूनमधे तिथली कायमची जागा निघणार होती. केंद्र सांभाळणारे भगवानराव त्याच्यावर खुश होते, पण नियम म्हणजे नियम. त्यायनं सरळ सांगितलं, मे महिन्यात बारावी पासचा कागद आण अन् खुर्चीवर बस. नाही आणला तं मेहकरचा एक पोरगा कागद घेऊन तयार हाये, भले त्याले म्हैस अन् गाय यातलं दूध ओळखू येत नसन.

दीपकचं घोडं अडलं होतं ते पेपरच्या शेवटच्या भागावर. तिथं काहीतरी लिहा म्हणतात. काय लिहा, ते आधी सांगत नाहीत. कधी रिपोर्ट, कधी अपील, कधी भाषण, मुलाखत, फिल्म रिव्ह्यू, टुरिस्ट लीफलेट, नाही तं काउंटर-व्ह्यू, म्हणजे दुसऱ्याच्या मताच्या उलट मत. गाइडातला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा रिपोर्ट दीपकले असा पाठ होता की झोपेतून उठवलं तरी स्वल्पविरामासकट म्हणून दाखवन. पण तीन वर्षांत ते प्रदर्शन काही पेपरात भरलं नाही. मागच्या वर्षी निघालं टुरिस्ट लीफलेट. पर्यटन म्हणजे त्यानं शेगाव सोडून काही केलेलं नव्हतं. प्रश्न चार वेळा वाचला, पेनले टोपण लावलं, अन् उरलेले चाळीस मिनिटं डोक्यावरच्या पंख्याची पाती मोजली. तीन होती. कितीही वेळा मोजली तरी तीनच.

त्याचा दोस्त शेखर. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला, दोन वर्षं पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून आलेला. तो जानेवारीतच गावात परतला होता, कारण त्याचा बाप प्रेमानंद मोटरसायकलवरून घसरला अन् त्याचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमधे गेला. वावरात तीन एकर हरभरा घाट्यावर येऊन वाळायले लागलेला. सोंगायले, म्हणजे विळ्यानं कापायले, माणूस भेटत नव्हतं. बायायच्या टोळ्या महिनाभर आधीच बोलल्या गेल्या होत्या, अन् हार्वेस्टर आत घालावं तं वावरात जायची वाट बैलगाडीपुरती. शेखरले विळा धरता येत होता, पण पेन धरल्यासारखा.

एकाले हात पाह्यजे होते, एकाले इंग्रजी. दोघायनं सावड करायचं ठरवलं. सावड आमच्या भागात नोटांपेक्षा जुनी. मी तुह्या वावरात एक दिवस, तू माह्या वावरात एक दिवस. पण इथं एका बाजूले हरभरा अन् दुसऱ्या बाजूले टुरिस्ट लीफलेट, याची बरोबरी लावायची कशी? शेखर म्हणे एका धड्याचा एक दिवस. दीपक म्हणे धडा तासभराचा अन् सोंगणी दिवसभराची, हे कुठलं बे गणित. वाद घेऊन दोघं निवृत्तीकडे गेले.

निवृत्तीनं न्यायाधीशासारखं दोघायलेही बसवलं. रिपोर्ट केवढा लांब असते, विचारलं. शेखर म्हणाला, शंभर-दीडशे शब्द. वावरातली एक ओळ केवढी, विचारलं. दीपक म्हणाला, या बांधापासून त्या बांधापर्यंत, धुरा ते धुरा, शंभर पावलं.

"मंग भांडता कायले?" निवृत्ती म्हणाला. "एक शब्द, एक पाऊल. पोरगं जितके शब्द लिहिन तितके पावलं तुह्या वावरात सोंगन."

दोघायलेही हे चोख वाटलं. त्यातली मेख ध्यानात यायले तीन दिवस लागले.

सकाळी साडेपाचले वावरात जायचं. आठपर्यंतची सोंगणी दोस्तीची, शब्दायची पावलं त्याच्या वरून. हरभऱ्यावर दव असते तोवर घाटे फुटत नाहीत, पण त्याच दवात झाडाची आंब उतरते. ती आंब बोटायच्या चिरांत शिरली की असं झोंबते, जसं कोणी लिंबू पिळून राह्यलं. दीपकची माय जनकाबाई पण सोबत येई. पोराची परीक्षा हाये अन् आपण घरी बसावं, हे तिच्या मनाले पटत नव्हतं. ती दीपकच्या दोन ओळी पुढं असे. शेखर दोघायच्याही मागं, हाताले रुमाल गुंडाळून. पहिल्याच दिवशी त्यानं हरभऱ्यासोबत स्वतःच्या बुटाचं टोक कापलं. वाटेनं दुसऱ्याच्या वावरात जाणारी सुभद्राबाई धुऱ्यावर थांबली. ही दीपकच्या घराची शेजारीण. जे समोर दिसन त्याच्या उलट बोलायचं हा तिचा जन्माचा नेम. तिनं घडीभर पाह्यलं अन् विचारलं, "मास्तर, हरभरा सोंगता का त्याची हजामत करता?"

शेखरचा चेहरा रुमालासारखा झाला. पण आठ वाजले, दव उडालं, की बाभळीखाली त्याचं राज्य सुरू होई.

त्यानं दोन डबे आणले होते, एक चहापत्तीचा, एक साखरेचा. चहाच्या डब्यात बारा चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक प्रकार. साखरेच्या डब्यात विषय, तेही गाइडातले नाहीत. म्हैस, जळालेली मोटर, कोरडा बोअर, सुभद्राबाई. दोन्ही डब्यातून एकेक चिठ्ठी जनकाबाईनं काढायची. तिले वाचता येई पण इंग्रजी नाही, म्हणून निवड अगदी बोर्डासारखी निष्ठुर. शेखरचं म्हणणं असं की काय येईल ते आधी कळतच नसते, मंग ते न कळण्याचीच सवय करा लागन.

पहिली जोडी निघाली फिल्म रिव्ह्यू अन् म्हैस. दीपक दहा मिनिटं कोरा बसला. मंग त्यानं लिहिलं की नायिका काळी हाये पण अभिनय जोरदार. पहिला भाग लांबला, नुसतं रवंथ चालते. मध्यंतरानंतर दूध येते अन् गोष्टीले गती येते. लाथेचं दृश्य लहान पोरायनं पाहू नये. शेखर चुका काढता काढता हसला अन् हसता हसता बाभळीले टेकला. एकशे दहा शब्द भरले. दीपक उठला अन् एकशे दहा पावलं सोंगून आला.

दुसऱ्या दिवशी टुरिस्ट लीफलेट अन् कोरडा बोअर. आमचा बोअर पाह्यले या, चारशे फूट खोल, आत अंधार, प्रवेश फुकट, पाणी सोबत आणा. सत्तर शब्द. तिसऱ्या दिवशी मुलाखत अन् मोटर. बत्तीस शब्द, त्यात नऊ वेळा "नो". मोटरले विचारलं, कशी जळली, मोटर म्हणाली, नो कमेंट. चौथ्या दिवशी काउंटर-व्ह्यू अन् सुभद्राबाई. दीपकनं इंग्रजीत लिहिलं की ती म्हणते नाही, मी म्हणतो हो, दोघंही आपापल्या जागी बरोबर, धन्यवाद. एकोणीस शब्द.

शेखरनं कागद खाली ठेवला. परीक्षेत असं लिहिलं तं तपासणारा एक मार्क देईल अन् तोही धन्यवादाचा, असं त्यानं सुनावलं. वाक्य कसं लांबवायचं, मधे "मोरओव्हर" कसं घालायचं, हे तो शिकवायले लागला. दीपक "मोरओव्हर" लिही, मंग कमरेवर हात ठेवून वावराकडे पाही, अन् हळूच ते खोडून टाकी. एक शब्द, एक पाऊल. मोरओव्हर म्हणजे एक वाकणं.

मेख पहिल्यांदा जनकाबाईच्या ध्यानात आली. "अवो, या माणसानं न्यायच उलटा केला. पोरगं शिकलं की त्याची कंबर दुखते. असं कोणतं पोरगं शिकन?"

रात्री तिनं हे नवऱ्यापुढं मांडलं. निवृत्ती म्हणाला, एकदा दिलेला न्याय फिरवला की उद्या गावात कोणी विचारायले येत नाही. अन् तसंही पस्तीस तं होतेच.

पेपर पाच दिवसांवर आला. वावर अर्धं सोंगून झालं, अर्धं उभं. त्या दिवशी सकाळपासून आभाळ राखुंडीच्या रंगाचं. मोबाइलवर सारे सांगून राह्यले की दोन दिवसांत अवकाळी येते. वाळल्या घाट्यावर पाणी पडलं की दाणा काळा पडते अन् व्यापारी त्याच्याकडे पाहतही नाही.  शेखरचे तळहात फोडांनी भरले होते. तो विळा डाव्या हातात घेऊन पाही, उजव्या हातात घेऊन पाही.

जनकाबाईनं चिठ्ठ्या काढल्या. अपील. हरभरा.

या वेळी दीपक दहा मिनिटं कोरा बसला नाही. समोर उभं पीक होतं, वर आभाळ होतं, बाजूले दोस्ताचे हात होते. त्यानं लिहिलं की गावकऱ्यांनो, उद्या सकाळी सहा वाजता प्रेमानंदच्या वावरात इर्जिक हाये. गाइड सांगते की अपील वाचणाऱ्याचं मन वळलं पाह्यजे, म्हणून त्यानं जेवणात पुरणपोळी घातली, मंग दूध घातलं, मंग तूप. गाइड सांगते की खाली जबाबदार माणसाचं नाव पाह्यजे, म्हणून खाली प्रेमानंदचं नाव टाकलं. एकशे अडुसष्ट शब्द झाले. त्यानं मोजले अन् स्वतःच दचकला. शेखरनं फक्त तीन चुका काढल्या. मंग दोघंही गपचूप उठून सोंगायले लागले.

इर्जिक म्हणजे साऱ्या गावानं एका माणसाच्या वावरात एक दिवस फुकट राबायचं, अन् त्या माणसानं साऱ्याले गोड जेवू घालायचं. तिचं बोलावणं तोंडी असते, कागदावर नसते. अन् एकदा गोडाचं नाव निघालं की मागं घेता येत नाही. मागं घेणाऱ्याच्या नातवालेही गाव त्याची आठवण करून देते.

संध्याकाळी चुलीपुढं जनकाबाईनं विचारलं, आज येवढं लांब काय लिहिलं बाप्पा? दीपक खुशीत होता. त्यानं मोठ्या आवाजात सारं मराठीत करून सांगितलं, दुधातुपासकट. कुडाच्या पलीकडे सुभद्राबाई लसूण सोलत बसली होती. परीक्षेचं बोलणं तिच्या कानावर आलं नाही. आलं ते येवढंच, की उद्या सहा वाजता, प्रेमानंद, पुरणपोळी.

दुसऱ्या दिवशी दीपक, जनकाबाई अन् शेखर वावरात पोचले तेव्हा धुऱ्यावर चौतीस माणसं उभी होती. विळे खोचलेले, डोक्याले टॉवेल. पुढं दीपकचा बाप निवृत्तीही. सगळ्यात पुढं सुभद्राबाई.

इर्जिकीले एरवी दहा माणसं जमली तरी लय झालं. चौतीस येण्याचं कारण वेगळंच होतं. प्रेमानंद आजवर कोणाच्याच इर्जिकीले गेला नव्हता. कोणाचं बोलावणं आलं की त्याले ताप येई. गाव म्हणे, याचा ताप पंचांगात पाहून घ्यावा. अन् त्याच्या घरचं गोड आजपर्यंत कोणाच्या जिभेले लागलेलं नव्हतं. ते खरंच भेटते का, हे पाह्यले अर्धं गाव लोटलं होतं.

पहिला विळा मालकानं चालवायचा असते. म्हणून दोघा जणायनं जाऊन प्रेमानंदले प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून आणलं. प्लास्टरचा पाय पुढं तोफेसारखा. काय चाललं हाये ते त्याले वाटेत अर्धं कळलं होतं. खुर्ची धुऱ्यावर टेकली तसा त्यानं शेखरकडे पाह्यलं. शेखरनं दीपककडे पाह्यलं.

 दीपक पुढं झाला. "काका, म्या लिहिलं ते. परीक्षेचा सराव होता."

प्रेमानंदनं आभाळाकडे पाह्यलं. मंग चौतीस माणसांकडे पाह्यलं. मंग परत आभाळाकडे.  मागं त्याची बायको पुष्पांजली डोक्यावरचा पदर सावरत उभी होती.

"पुष्पा," तो म्हणाला, "डाळ टाक."

गावानं विळे काढले. प्रेमानंदनं खुर्चीत वाकून एक झाड कापलं अन् उरलेलं वावर गावाच्या ताब्यात दिलं. मंग त्यानं दीपकले जवळ बोलावलं अन् हळू आवाजात सांगितलं, की हे झालं ते झालं, पण आजपासून शेखर तुले एक अक्षर शिकवणार नाही. दीपकनं विळा उचलला. पेपरले चार दिवस राह्यले होते. तो ओळीले लागला, पण त्याले हरभरा दिसत नव्हता. पंख्याची पाती दिसत होती, तीन.

चौतीस विळे एकदम चालले की आवाज येते, म्हशींचा कळप कडबा खाऊन राह्यल्यासारखा. आंबेनं साऱ्यायचीच बोटं झोंबत होती, पण कोणी थांबत नव्हतं, कारण गावाकडून पुरणाचा वास येऊन राह्यला होता, निदान सुभद्राबाई तरी तसं म्हणत होती. वारा उलट्या दिशेनं होता. जनकाबाई अन् चार बाया पोळ्या लाटायले घरी गेल्या. साडेअकराले शेवटची ओळ संपली. गंजी लावली, वर ताडपत्री टाकली, चारी कोपऱ्यायले दगड बांधले.

बाभळीखाली पंगत बसली. पोळ्या खरंच होत्या. तूप होतं, जरा हात आखडून, पण होतं. पहिली पोळी लोकायनं अशी खाल्ली जशी तपासणी चालू हाये. दुसरी पोळी ताटात पडली तेव्हा निवृत्ती म्हणाला, ज्या कागदानं येवढं केलं तो कागद वाच तरी.

दीपकनं खिशातून घडी काढली. घामानं ओली झालेली. आधी इंग्रजीत वाचलं. लोक माना हलवत राह्यले, श्लोक ऐकल्यासारखे. मंग मराठीत सांगायले लागला. मधे एक वाक्य होतं, तिथं तो अडखळला. आदल्या दिवशी मन वळवायच्या भरात त्यानं ते लिहून टाकलं होतं. आता प्रेमानंद चार हातांवर खुर्चीत बसलेला. वाचलं नाही तं निवृत्ती विचारणार. त्यानं खाली पाहून वाचून टाकलं: "प्रेमानंदजी तब्येतीमुळं तुमच्या इर्जिकीले येऊ शकले नाहीत, पण त्यांचं मन नेहमी तुमच्या वावरात होतं."

पंगतीतलं चावणं थांबलं. कोणाच्या तरी नाकातून दूध आलं.

"हे खोटं हाये," सुभद्राबाई म्हणाली. "पण चांगलं खोटं हाये."

मंग गावानं पेपर तपासायले घेतला. एक म्हणे, विळा सोबत आणा हे लिहिलं नाही, म्या परत घरी गेलो. एक म्हणे, वावर कोणतं ते लिहिलं नाही, प्रेमानंदचे दोन हायेत. जनकाबाई वाढता वाढता म्हणाली, लाटायले बाया लागतील हे कोणत्याच मर्दाच्या ध्यानात आलं नाही. निवृत्ती म्हणाला, पोळ्या किती ते लिहिलं असतं तं मले जपून खाता आलं असतं. दीपक ऐकत राह्यला. तीन वर्षांत त्याचं लिहिलेलं कोणी येवढं वाचलं नव्हतं. शेवटी सुभद्राबाईनं ताटात पाणी ओतलं अन् बोट दाखवून सांगितलं, "कोणाले सांगतं अन् त्याच्याकून काय करून घेतं, येवढंच पाह्य. मंग चिठ्ठी कोणतीही निघो."

अन् आयुष्यात पहिल्यांदाच तिचं म्हणणं कोणी उलटं फिरवलं नाही.

 प्रेमानंदनं अर्धी पोळी खाल्ली, अर्धी ठेवली. लोक हात धुवायले उठले. मालकानं अशा वेळी धुऱ्यावर उभं राहून हात जोडायचे असतात. त्यानं उठायचा प्रयत्न केला, प्लास्टर खुर्चीच्या पायाले अडकलं, तो परत बसला. लोक तसेच पांगले. मंग तो शेखरले म्हणाला, "शिकव त्याले. पण माह्या तापाचं पुन्हा कुठं लिहू नको म्हणा."

दुसऱ्या दिवशी दुपारी अवकाळी आला. अर्धा तास ताडपत्रीवर ताशा वाजवून गेला. आत दाणा कोरडा.

वावर संपलं होतं, म्हणून सावडही मोकळी झाली. चार दिवस दीपकनं हात सैल सोडून लिहिलं. मोरओव्हर लिहिलं, इन अॅडिशन लिहिलं. शेखर म्हणे, हे शब्द बाकी धरून ठेवतो. दीपक म्हणे, धर.

पेपरच्या दिवशी शेखरनं त्याले मोटरसायकलवर चिखलीले नेलं.  दीपकची बोटं अजून चिरलेली होती, पेन धरलं की आंब आठवे. वर्गात पंखा होता. त्यानं वर पाह्यलं नाही. पेपर हातात आला तसा त्यानं सरळ शेवटून उघडला.

आभारप्रदर्शनाचं भाषण लिहा.

बारा चिठ्ठ्यांत भाषण होतं, पण आभाराचं नव्हतं. चहाच्या डब्यात नव्हतं, साखरेच्या डब्यात नव्हतं, गाइडातही नव्हतं.  हात आपोआप टोपणाकडे गेला. मंग त्याले सुभद्राबाईचं बोट दिसलं. कोणाले सांगतं? काय करून घेतं? अन् त्या बोटामागून धुरा दिसला, पांगणारी माणसं दिसली, खुर्चीत अडकलेला प्रेमानंद दिसला. आभार मानायचे राहूनच गेले होते की.

आधी जमतील तेवढे सोपे प्रश्न उरकले, मंग तो लिहायले लागला. प्रेमानंदच्या नावानं नाही, नुसतं "आमचं कुटुंब" म्हणून. निवृत्तीजींचे आभार, त्यायनं न्याय दिला, जरी तो उलटा होता. जनकाबाईंचे, त्या नेहमी दोन ओळी पुढं होत्या. सुभद्राबाईंचे, त्यायनं नीट ऐकलं नाही म्हणून. पुष्पांजलीताईंचे, त्यायनं काही न विचारता डाळ टाकली. एका दोस्ताचे, ज्याचा बूट कापला गेला. प्रत्येक शब्दागणिक तो मनात एकेक पाऊल पुढं सरकत होता. शंभराले समोरचा धुरा आला. त्याले वाटलं इथं थांबावं. पण हात गरम झालेला, पुढची ओळ उभी दिसत होती, अन् अर्ध्या ओळीवर विळा टाकून जाणारा तो नव्हता. दुसरी ओळ लागली. दोनशेले परत धुरा. तिसरी. तीनशे बाराव्या पावलावर त्यानं मान वर केली तेव्हा घड्याळात पंचवीस मिनिटं उरलेली, अन् पेपरातले निम्मे प्रश्न कोरे.

बाहेर शेखर रसवंतीपाशी उभा होता. कसा गेला, हे त्यानं डोळ्यानंच विचारलं.

"शेवटचं लय भारी लिहिलं," दीपक म्हणाला. "बाकीचं लिहायचं राह्यलं."

शेखरनं अर्धा ग्लास रस तसाच ठेवला.

मे महिन्यात निकाल लागला. भर दुपारी, उन्हानं मोबाइलची काच दिसत नव्हती. दीपकनं स्क्रीनवर टॉवेलचा आडोसा केला, शेखरनं नंबर टाकला. इंग्रजी, पस्तीस. पास.

निवृत्तीले सांगितलं तेव्हा तो बैलाले पाणी पाजत होता. त्यानं बादली खाली ठेवली, बोटावर मोजलं. एकोणतीस, एकतीस, तेहतीस, पस्तीस. "म्या काय सांगितलं होतं?" येवढंच म्हणून त्यानं बादली उचलली.

दीपकले खुर्ची भेटली. भगवानरावायनं कागद तीन वेळा वाचला अन् मेहकरच्या पोराले फोन लावला. निवृत्ती मात्र त्या दिवसापासून दूध घालायच्या रांगेत उभा राहून प्रत्येकाले सांगायले लागला, की शिकवण्या-बिकवण्या काही कामाच्या नसतात. दर खेपेले दोन. नुसता धीर पाह्यजे. गावाले हे पटलंही, कारण आकडे समोर होते. दोन जणायनं तं आपल्या पोरायच्या शिकवण्या बंद केल्या.

रांगेत एक दिवस शेखरही होता, हातात कॅन. त्यानं सारं ऐकलं, दूध घातलं, अन् पावती न घेताच गेला. मंग तीन दिवस तो केंद्रावर आला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दीपक त्याच्या वावरात गेला. नांगरून पडलेलं, ढेकळं पायाले टोचणारी. शेखर बाभळीखाली बसला होता, तळहातावरच्या घट्ट्याची साल काढत. दीपक त्याच्या बाजूले बसला. 

"गणितानंच पास झाला का बे तू?" शेखर म्हणाला. "ती म्हैस, तो बोअर, माह्या हाताचे फोड, याचं काहीच नाही का?"

 बापाचं तोंड तो बंद करू शकत नव्हता. रांगेत उभं राहून आपल्या बापाच्या उलट बोलायचं, तेही जमण्यासारखं नव्हतं. त्यानं विचार केला, कोणाले सांगायचं अन् काय करून घ्यायचं.

"मी लिहून काढतो," तो म्हणाला. "मराठीत. म्हशीपासून तुह्या बापाच्या तापापर्यंत, जसं झालं तसं. तुह्या नावानिशी."

"बाबायनं सांगितलं होतं, तापाचं लिहू नको म्हणून."

"त्यायच्यासाठी नाही लिहून राह्यलो. तुह्यासाठी."

शेखरनं सालीचा एक तुकडा ढेकळात टाकला. "किती शब्द होतील?"

"लय होतील."

"अन् सावड?"

दीपकनं या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत नजर टाकली. मनातल्या मनात मोजलं. आपोआप त्याचा हात कमरेवर गेला.

"एक शब्द, एक पाऊल," तो म्हणाला. "तू यंदा हरभरा पेर. विळा घेऊन मी येतो. किती झाले ते मोजून ठेवजो, अन् एकही माफ करू नको."